अकरावा हुकूम

१

मेजर मेल्याचं ताईला कळलं सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. त्याआधीची आठ मिनिटं तिनं रोजच्यासारखी काढली होती, आणि पुढचा सगळा घोळ झाला तो त्या आठ मिनिटांमुळे.

कलादालनात सगळेच तिला ताई म्हणत. नऊ वर्षं किल्ल्या तिच्याकडे होत्या. सख्खा भाऊ मात्र एकच, तिच्याहून बारा वर्षांनी लहान. आईबाप लवकर गेले, पोराला तिनंच वाढवलं. सतत काहीतरी उघडून बसलेला असायचा म्हणून त्याचं नाव खटपट्या पडलं, आणि त्याच खटपटीवर तो आता याच दालनात यंत्रं सांभाळायला लागला होता.

वरच्या मोठ्या खोलीत दोन महिने ‘हुकूम’ नावाची कलाकृती मांडलेली होती. धड व्हिडिओ गेम नाही, धड नाटक नाही. एका उंच खुर्चीत एक प्रेक्षक बसायचा, सेनापती म्हणून. त्याच्यासमोर भिंतभर पडदा, पडद्यावर डोंगराळ मुलूख आणि त्यात एक ठिपका. खुर्चीच्या मागे जमिनीत माणूसभर खोल खड्डा, वर झडप आणि आत उतरायला शिडी. त्यात स्टुलावर, कानाला हेडफोन लावून दुसरा प्रेक्षक बसायचा, शिपाई म्हणून. वरच्यानं बटण दाबून, तोंडानं बोलून हुकूम द्यायचा. खालच्यानं तो मोठ्यानं परत म्हणायचा, की ठिपका हलायचा. हुकूम चुकला की खड्ड्यात कोरड्या बर्फाचा पांढरा धूर सोडला जाई. जड धूर, तळाशीच बसणारा. वरच्याला खालचा माणूस दिसतच नसे, फक्त ठिपका दिसे. कलाकार बाईंना सांगायचं होतं ते एवढंच, आणि त्यासाठी त्यांनी तीन वर्षं घातली होती.

ताई आली, दिवे लावले, खुर्चीपाशी गेली. हुकमाच्या बटणांशेजारी एक काठी होती. ती हलवली की पडद्यावरचा आकाशातला डोळा फिरायचा. काठी पुढे ढकलली की डोळा वर बघायचा, मागे ओढली की खाली. कुणाला उलट हवं असेल तर शेजारी एक खटका होता. रोज सकाळी ताई तो बघायची, कसा सापडला ते रजिस्टरात लिहायची आणि मग जागेवर करायची. आधी लिहायचं, मग हात लावायचा, हा तिचा नेम.

आज तिनं लिहिलं, ‘९.०२. काठी उलटी सापडली. सरळ केली.’ आणि सरळ केली.

मग ती खड्ड्याकडे वळली, आणि झडपेची कडी बाहेरून लावलेली दिसली.

ही कडी ती संध्याकाळी कधीच लावत नसे. कारण पाचला दालन बंद झालं की मेजर त्या खड्ड्यात पाव तास एकटे बसत आणि मग बाजूच्या दारानं निघून जात. फौजेतून निवृत्त झालेले ते, खेळातले शिपायाचे संवाद त्यांच्याच आवाजात होते. “पोरांच्या जागी बसतो जरा,” म्हणत. आतमध्ये माणूस असताना बाहेरून कडी कोण लावेल?

तिनं कडी काढली. मेजर स्टुलावर नव्हते. शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीला दोन्ही हातांनी धरून ते तसेच राहिले होते, झडपेला कपाळ टेकून.

ताई किंचाळली नाही. तिनं संचालकांना फोन लावला.

“मेजर काका खड्ड्यात आहेत. गेलेत.”

“मेजर खड्ड्यात. गेलेत. ठीक. येतो,” संचालक म्हणाले.

फोन ठेवला आणि तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. काठी उलटी. अख्ख्या दालनात उलटी काठी लागते ती एकाच माणसाला. लहानपणी घरी जुन्या विमानाच्या खेळावर शिकला तो, विमानाचं नाक खाली घालायचं तर काठी पुढे ढकलायची. तेव्हापासून त्याच्या हाताला दुसरं वळणच नाही. तिच्याच मांडीवर बसून शिकला होता.

तिनं रजिस्टरातलं पान फाडलं, चौघडी केली आणि चपलेत पायाखाली घातलं.

२

फौजदार बाईंना सेवानिवृत्तीला सहा महिने उरले होते आणि सर्दी झाली होती. व्हिडिओ गेमशी त्यांचा संबंध नातवाला जेवायला उठवण्यापुरता. त्यांनी खड्ड्यात डोकावून पाहिलं, दोनदा शिंकल्या आणि ताईजवळ खुर्ची ओढून बसल्या.

“डॉक्टर म्हणतात, काल साडेपाचच्या सुमारास. खड्ड्यात धूर साठला, श्वास कोंडला. कडी बाहेरून लावलेली म्हणजे अपघात नाही. आता मला हे सांगा, हा धूर रोज लोकांवर सोडता आणि आजवर कुणी मेलं कसं नाही?”

“धूर थोडाच सोडतात, बाई. आणि हवा ओढणारा पंखा सतत चालू असतो.”

“काल तो बंद होता.”

“तो नुसता बंद नाही होत. दुरुस्तीचं कार्ड घातलं तरच होतो.” बोलून गेल्यावर ताईनं जीभ चावली.

“हं. यंत्र म्हणतं, पाच दहाला कार्ड घातलं, पाच चौतीसला काढलं. त्या वेळात कुणीतरी वर बसून खेळलं. चुकीचे हुकूम दिले की धूर सुटतो ना? तर एकापाठोपाठ एक सगळे चुकीचेच दिले.” बाईंनी नाक पुसलं. “म्हणजे खेळून मारलं माणसाला. छत्तीस वर्षांच्या नोकरीत हे नवीनच.”

ताईच्या पायाखालचं पान तिला निखाऱ्यासारखं लागत होतं.

तेवढ्यात संचालक आले. देखणे, पांढऱ्या केसांचे, आवाज एकदम घडीव. बाईंनी त्यांना सांगितलं, “दालन बंद ठेवा, कुणी बाहेर जाणार नाही, आणि मला तुमची खोली लागेल.”

“दालन बंद, बाहेर कुणी नाही, माझी खोली तुम्हाला. ठीक,” म्हणत ते गेले.

“हे असं का बोलतात?”

“खोडच आहे त्यांची,” ताई म्हणाली. “चहा सांगितला तरी ‘दोन चहा, एक बिनसाखरेचा, ठीक.’ सगळे नक्कल करतात. मेजर काका तेवढे हसले नाहीत. मागच्या आठवड्यात पहिल्यांदा ऐकलं त्यांनी, तर कप तसाच भरलेला ठेवून उठले. मग मला विचारत होते, हे फौजेत होते का कधी.”

“होते?”

“छे, कॉलेजात शिकवायचे म्हणतात.”

बाईंनी मान हलवली. मग अगदी सहज, पावसापाण्याचं बोलावं तशा म्हणाल्या, “ते कार्ड कुणाचं आहे हे तुम्ही मला सांगितलं नाहीत, ताई. तुमच्या भावाचं आहे.”

३

संचालकांच्या खोलीत एकेकाला बोलावणं झालं. चहापाणी बघायला म्हणून फौजदार बाईंनी ताईला कोपऱ्यात उभं ठेवलं. तिला वाटलं, आपल्या तोंडाकडे बघायला ठेवलंय. आणि ते खोटं नव्हतं.

कलाकार बाई रडून लाल झाल्या होत्या, पण बोलल्या सरळ. मेजर आपला आवाज काढून घेणार होते, हे खरं. तसं झालं असतं तर तीन वर्षं पाण्यात.

“का काढून घेणार होते?”

“बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या नऊ पोरांना चुकीच्या खिंडीत पाठवलं गेलं. वायरलेसवरून हुकूम आला, यांनी तो परत म्हणून दाखवला, वरून ‘ठीक’ आलं, तेव्हाच हे निघाले. चौकशीत वरचा माणूस म्हणाला, यांनी चुकीचं ऐकलं. ठपका यांच्यावर. त्या माणसाचं तोंड यांनी कधी पाहिलं नाही, फक्त आवाज. परवा मला म्हणाले, आता मला गोष्ट खेळात नको, खरी सांगायचीय, रविवारी सगळ्यांसमोर.”

“खुर्चीपाशी ते एक हिरवं बटण आहे, ते त्यांच्याचसाठी?”

“हो. खालच्यानं हुकूम परत म्हटला की वरच्यानं ते दाबायचं, म्हणजे बरोबर पोचला. त्यावाचूनही खेळ चालतो. दोन महिन्यांत मेजर सोडून कुणी दाबलं नसेल, मीसुद्धा नाही. मला तर ते काढून टाकायचं होतं.”

मग खटपट्या आला. डोळे तारवटलेले. काल तो सातला घरी आला होता, चपलांना चिखल, जेवला नव्हता. ताईनं विचारलंही नव्हतं.

“मेजरांशी भांडलास म्हणे काल.”

“हिरव्या बटणावरून. मी काढायला गेलो तर अंगावर आले. मीही बोललो मग. म्हाताऱ्यांना काय कळतं म्हणालो.” त्यानं बाहीनं डोळे पुसले. “वाईट वाटत होतं म्हणून कालव्याकाठी बसलो होतो. कुणी पाहिलं नाही मला.”

“आणि कार्ड?”

“मागच्या खोलीत खिळ्याला असतं. कुणीही घेतं.”

“पण यंत्रात नाव तुझं.”

ताईनं कपाटाला हात टेकला. फाशीची शिक्षा ती वर्तमानपत्रात वाचायची, घरातल्या पोराला ती कशी होईल, असा विचार एकदम तिच्या मनात आला.

संचालक शेवटी आले. आपण त्या खुर्चीत आजवर बसलोच नाही, खेळातलं आपल्याला काही येत नाही, पाचला कार्यालयात एकटे होतो, आणि मेजरांशी नमस्कारापलीकडे संबंध नाही. चार वाक्यांत संपलं. जाताना थांबून म्हणाले, “पोरगा वाईट नाही हो. तापट आहे इतकंच.”

दार लागलं. फौजदार बाई ताईकडे वळल्या. “आता तुमचं. रजिस्टरात रोजचं पान आहे. आजचं कुठंय?”

४

“फाटलं,” ताई म्हणाली.

“आपोआप?”

बाईंनी घाई केली नाही. त्यांनी गोळी चघळली, खिडकीतून बाहेर पाहिलं, आणि हवालदाराला सांगून खटपट्याला पुन्हा आत घेतलं.

“तुझं कार्ड घातलं की काय काय होतं रे? बालवाडीत सांगतात तसं सांग.”

“पंखा बंद होतो. धुराची मर्यादा निघते. आणि...” तो जरा ओशाळला, “काठी आपोआप उलटी होते. तेवढी माझ्या सोयीची केली मी. दर वेळी खटका कोण फिरवत बसणार?”

ताईनं मान वर केली. हे तिला माहीत नव्हतं. नऊ वाजल्यापासून छातीवर बसलेला धोंडा जरासा हलला. तिला विचारायची भीती वाटत होती आणि न विचारायचीही.

“खटक्याला हात न लावता?”

“खटका असतो तसाच. आतल्या आत उलटते.”

“आणि कार्ड घातलेलं असताना कुणी खटका पण उलटा केला, तर?”

“तर सरळ होईल ना, ताई. उलट्याचं उलट. मला तर एक मिनिट खेळता यायचं नाही.”

ताई मटकन खाली बसली, भर खोलीत, जमिनीवर. तिनं चप्पल काढली आणि घामानं मऊ झालेली चौघडी बाईंच्या पुढे धरली. “खटका उलटा होता. मी पाहिला. मेजर काका दिसायच्या आधी लिहिला. नंतर मला वाटलं...” पुढचं तिला भावासमोर बोलवेना.

बाईंनी पान उलगडलं. “खालच्या पानावर पेनाचा दाब उमटला होता, तो मी सकाळीच वाचला. अक्षर लागलं, अर्थ लागत नव्हता.” त्या हळूहळू बोलायला लागल्या, जणू स्वतःलाच समजावत होत्या. “एकजण तुझं कार्ड घालतो. काठी भलतीकडे पळायला लागते. तो गांगरतो, शेजारचा खटका फिरवतो, काठी ताळ्यावर येते. कार्ड काढतो, निघून जातो. खटका मात्र तसाच राहतो. म्हणजे वर बसला होता तो सरळ काठीवाला. तू नव्हेस.”

खटपट्या ताईकडे बघत होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

“पण सरळ काठी तर जगातल्या सगळ्यांचीच,” ताई म्हणाली.

“म्हणून ही दुसरी गंमत बघा. यंत्रानं दाबलेलं प्रत्येक बटण लिहून ठेवलंय. काल अकरा हुकूम दिले गेले. आणि जे बटण कुणीच दाबत नाही, ते हिरवं, काल दाबलं गेलं दहा वेळा. दहा हुकूम, प्रत्येकामागे एक हिरवं. अकराव्यामागे नाही.” बाईंनी चष्मा काढला. “का नाही?”

“परत म्हणायला खाली कुणी उरलं नव्हतं,” खटपट्या म्हणाला. ताईला शिडीवरचे ते हात आठवले.

“ताई,” फौजदार बाई म्हणाल्या, “तुम्हाला खड्ड्यात बसावं लागेल.”

५

खड्ड्यात हवेला कालचा वास होता. की तिलाच तसं वाटत होतं. झडप अर्धी लोटलेली होती, कडी हवालदाराच्या हातात होती, बर्फाची पेटी बाहेर काढून ठेवली होती, पंखा चालू होता. हे सगळं खटपट्यानं तिला तीनदा सांगितलं होतं. तरी ती झडपेच्या फटीकडे पुन्हा पुन्हा बघत होती.

वर फौजदार बाई सगळ्यांना सांगत होत्या, “मला हा खेळ एकदा बघायचाय. कार्ड घातल्यावर धूर कधी सुटतो, पोरावर केस भक्कम करायची तर ते नोंदवावं लागेल. कुणीतरी वर बसा.”

“मी नाही बसणार,” कलाकार बाई म्हणाल्या. “आता कधीच नाही.”

“मग तुम्ही, संचालक साहेब. खुर्चीत बसा, हुकूम द्या, मी थांबा म्हणेपर्यंत.”

“खुर्चीत बसायचं, हुकूम द्यायचे, थांबा म्हणेपर्यंत. ठीक.”

ताईनं हेडफोन लावला. जग बंद झालं. आणि मग तिच्या दोन्ही कानांत, डोक्याच्या मधोमध, तो घडीव आवाज आला. “डावीकडच्या ओढ्यानं पुढे.”

“डावीकडच्या ओढ्यानं पुढे,” ती म्हणाली.

खट् असा बारीक आवाज झाला. कुठलं बटण ते तिला दिसत नव्हतं.

“ओढा सोडा. खडक ओलांडा.”

“ओढा सोडा. खडक ओलांडा.”

खट्.

“खिंडीपाशी थांबा.”

“खिंडीपाशी थांबा.”

खट्. दर वेळी ती बोलली की लगेच. तो आवाज तिला धीर देऊ लागला आणि त्याचंच तिला भय वाटलं. अंधारात बसलेल्या माणसाला तेवढाच तर आधार, वर कुणीतरी आपलं ऐकलं याचा. मेजरांनीही काल हाच आधार धरला असणार. धाप लागली तरी जुना शिपाई हुकूम परत म्हणत राहिला, आणि वरून दहादा ‘पोचलं’ आलं.

“खिंडीतून आत शिरा.”

बाईंनी सांगितलं होतं, चौथ्याला गप्प राहायचं. ताईनं तोंडावर हात दाबून धरला.

खट् झालं नाही.

एक, दोन, तीन. कानात फक्त श्वास होता, दुसऱ्याचा. सात. आठ. तो श्वास जवळ आला, जणू तो माणूस तिच्या मानेशीच वाकला होता.

“खिंडीतून आत शिरा,” आवाज म्हणाला, हळूच. मग आणखी हळू, “मेजर? बोला.”

ताईनं हेडफोन भिरकावला आणि शिडी धरली. वरची पायरी हाताला लागताच ती मोठ्यानं रडली. झडप पूर्ण उघडली गेली आणि खटपट्यानं तिला काखेत धरून वर ओढलं.

खोलीत सगळे जागच्या जागी होते. माईकवर बोललेलं भिंतीवरच्या स्पीकरमधून सगळ्यांनी ऐकलं होतं. संचालकांचा अंगठा हिरव्या बटणावर अधांतरी थांबला होता. ते त्याच्याकडे असे बघत होते, जणू तो अंगठा त्यांचा नव्हेच.

“परत म्हणून दाखवलं नाही तर दाबायचं नाही,” फौजदार बाई म्हणाल्या. “कॉलेजात शिकवलं का हे?”

संचालकांनी अंगठा मागे घेतला. “त्यांनीच मला वर बसवलं,” ते म्हणाले. “म्हणाले, एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय, मग खात्री पटेल. मी कार्ड आधीच घेऊन ठेवलं होतं.” मग आवाज खाली आला. “बावीस वर्षांपूर्वीही त्यांनी बरोबरच ऐकलं होतं.”

“हिरवं का दाबत होतात? मारायचंच होतं तर.”

“ते परत म्हणत होते ना,” संचालक म्हणाले.

६

चार वाजता दोघांना सोडलं. बाईंनी जाताना ताईला बाजूला घेतलं. “पुरावा फाडणं हा गुन्हा आहे. पान जोडून घेतलंय मी. पण पुन्हा असं करू नका, पुढची फौजदार माझ्याइतकी म्हातारी नसेल.”

रस्त्यावर ऊन होतं, माणसं होती, बसथांब्यावर शाळेची पोरं ढकलाढकली करत होती. ताईच्या कानात अजून तो श्वास होता. खटपट्या तिच्या शेजारून चालत होता, हात खिशात घालून.

“ताई, तुला वाटलं मी केलं.”

तिच्या ओठावर दहा खोट्या गोष्टी आल्या. दिवसभर तिनं त्यातल्या पुष्कळ वापरल्या होत्या. “हो,” ती म्हणाली.

“एकदा विचारायचंस तरी. फोन करायचास. मी खाली मागच्याच खोलीत होतो.”

“भीती वाटली.”

“कशाची?”

“तू ‘हो’ म्हणशील याची.”

“आणि तरी पान फाडलंस.”

“तू केलं असतंस तरी फाडलंच असतं.”

लहानपणी रुसला की चालायचा तसा तो भराभरा पुढे निघून गेला, वीसेक पावलं तरी. तिनं हाक मारली नाही. आज त्याला काही सांगायचा हक्क आपल्याला नाही, असं तिला वाटत होतं. चपलेत पान नव्हतं, तरी तिचा पाय जपूनच पडत होता.

कोपऱ्यावर तो थांबला. मागे न बघता, हात मागे करून उभा राहिला, रस्ता ओलांडताना ती त्याचा हात धरायची तसा. ताईनं पावलं उचलली.